पुढचा बार

डांबर संपतं तिथे, गुरं अडवायच्या लोखंडी जाळीपलीकडे
डेल्वन गाडी उभी करतो.
सान राफाएलच्या उघड्या खडकांवर सकाळचे सात.
वारा नाही. फक्त इंजिनाची
थंड होतानाची टिकटिक.

तो गोणपाट अंथरतो
आणि पाठीवर सरकत आत जातो, बुटांपर्यंत नाहीसा.
"अठराचा," आतून आवाज.
मी अठराचा पाना देते.
चौदा वर्षांची मी, माझं काम एवढंच:
मागितलेला आकडा हातात ठेवणं,
आणि निघालेल्या पिना थर्मासच्या जुन्या झाकणात जपणं. दोन.

हा बार, त्यानं एकदाच सांगितलं होतं,
डाव्या चाकाला उजव्याची खबर देतो.
हमरस्त्याच्या वळणावर गाडी एका अंगावर कलली
की तो दटावतो, ए, सरळ बस.
ताशी सत्तर मैलांना चांगलंच आहे ते.
पण खडकात एक चाक वर चढलं
की हाच शहाणा दुसऱ्यालाही उचलायला बघतो,
आणि मग ते बिचारं हवेत,
ना माती ना दगड, नुसतं गरगर.

लिंक सुटते. तो तिला वर वळवून
रबरी पट्ट्यानं चौकटीला बांधतो,
नाहीतर स्टिअरिंगमध्ये अडकेल.
टायरची हवा सोडतो, पंधरावर आणतो.
आम्ही बोलत नाही.
आम्हाला बोलायला आई लागायची.

मग ती चढण, जिला गावात बिशपची पायरी म्हणतात.
उजवं चाक वर, आणखी वर, माझ्या खिडकीत नुसतं आकाश;
डावं खाली खड्ड्यात, स्प्रिंग पार ताणलेली,
अंधारात पाय लांबवून
चप्पल चाचपडावी तसं.
आणि सापडते. रबर दगडाला धरतं.
गाडी कुरकुरत, कण्हत वर येते.
डेल्वन स्टिअरिंगला दोनदा थोपटतो,
मग कॉफी ओततो. आधी मला, मग स्वतःला.
मला कॉफी आवडत नाही. पिते.

परतताना जाळीपाशी पुन्हा गोणपाट.
एक बाजू लगेच बसते.
दुसरीकडे भोकं जुळत नाहीत.
जमीन सपाट आहे, दिसायला,
पण दोन बोटांचा फरक.
"बंपरवर उभी राहा. कोपऱ्यावर."
राहते. बोटभर उरतं.
"हल जरा." हलते.
तो खालून बराच वेळ काही म्हणत नाही.
मग: "तुझी आई नुसती उभी राहायची."

ती नेवाडात आहे, एल्कोला, मार्चपासून.
सोन्याच्या खाणीत डंपर चालवते,
रविवारी फोन करते, त्याला विचारते आणि मला सांगते,
मला विचारते आणि त्याला सांगते.
तिचं वजन किती, मला माहीत नाही.
कुणाचं नसणं पौंडात मोजता येईल
हे कधी सुचलं नव्हतं.

मी उतरते. पाण्याचे दोन कॅन ओढून आणते,
एकेका हातात एकेक, पुन्हा चढते.
खांदे उखडायला आलेत.
"अजून."
श्वास भरून घेते, जणू श्वासालाही वजन असतं.
गाडी किंचित, अगदी किंचित वाकते.
खालून टक्.

"पिन," तो म्हणतो,
आणि त्याचा काळा, ग्रीसनं माखलेला हात बाहेर येतो,
उघडा, थांबलेला.
माझे दोन्ही हात अडकलेले. झाकण बॉनेटवर.
हात तसाच.
बोटं एकदा हलवून विचारतो, काय झालं?
आधी मी हसते.
मग खालूनही काहीतरी येतं, धुळीत खोकल्यासारखं,
आणि थांबत नाही.
झाकण मी कोपरानं ढकलते; पिन वाळूत पडते,
त्याच्या बोटांपासून वीतभर दूर.
तो चाचपडतो. डावीकडे, सांगते. आणखी डावीकडे.

"कॅन खाली ठेवू?"
"नको," तो म्हणतो. "नको अजून."