अर्धा नारळ

डिचोलीच्या बाजारात इनासिननं बांगडे मोजले,
शंभराला चार.
वर एक टाकायची तिची सवय
कधी गेली, दोघींनाही आठवेना.
"सरकारक विचार," ती म्हणाली.

नारळवाला म्हणाला, माकडं.
पोदेर म्हणाला, मैदा.
उंडा दोन बोटं आटला होता,
त्याबद्दल कुणीच काही म्हणालं नाही.

सरकार साडेसहाला घरी आलं.
हेल्मेट खुंटीला लावलं,
वीज खात्याचं ओळखपत्र गळ्यातून काढलं.
दिवसभर खिडकीत बसून
लोकांच्या शिव्या पावतीशिवाय जमा केल्या होत्या.
"दर मी ठरवतो का?"
सरकारनं भिंतीला विचारलं.
भिंतीवर आमचंच बिल होतं, खिळ्याला टोचलेलं.

ही नोकरी लागली तेव्हा
सासऱ्यांनी सातेरीला पाच नारळ वाहिले,
आणि कुणाच्या तरी दारात
एक जाड पाकीट.
त्या पाकिटासाठी काढलेलं कर्ज
आम्ही अजून फेडतोय.
ते महागाईत धरायचं का?
माझ्या हिशेबाच्या वहीत त्याला रकाना नाही.

जेवताना सरकारनं हुमण चाखलं.
"पातळ झालंय."
"अर्धाच नारळ घातलाय."
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज,
तोही युनिटं मोजत असल्यासारखा.
सोलं तेवढी घरची,
त्यामुळे आंबटाला कमी नव्हती.

"पण मग चूक कुणाची?" पोरीनं विचारलं.

मी बांगड्याचा मधला तुकडा
सरकारच्या ताटात वाढला.

ती सवय अजून गेलेली नाही.