पिळायचे रूळ

वूच म्हणजे नाव, पाण्यावरची.
आमच्या शहराचं नावच नाव,
आणि नदी गिरणीवाल्यांनी कधीच गाडलेली रस्त्याखाली.
लहानपणी मी फरसबंदीला कान लावायचो.
काही ऐकू यायचं नाही.

आई दिवसा रेशमाच्या गिरणीत.
रात्री स्वयंपाकघरात तिची दुसरी पाळी:
धुलाई यंत्राचे कपडे पिळायचे रूळ टेबलाला आवळलेले,
चौकटीवर ताणलेलं गिरणीतलं टाकाऊ कापड,
धुण्याच्या लगद्यात कालवलेली काजळी.
शाई दुकानात नव्हती. कागद कोण किती नेतं
याची वही होती कुठेतरी.
म्हणून खाटकाचा कागद, भिंतीच्या कागदाची पाठ,
माझ्या भूगोलाच्या वहीतली कोरी पानं
(आफ्रिका मला अजूनही नीट येत नाही).

वितोल्द यायचा, एउस्ताखी, आणि ती उंच सेव्हेरिना,
जिनं एक अख्खा हिवाळा
फक्त कोबीच्या पानांचे ठसे काढले.
कलेच्या शाळेनं यांना ठेवून घेतलं नव्हतं,
किंवा यांनी शाळेला.
माझं काम एकच.
रूळ करकरले की संडासची साखळी ओढायची.
खालच्या बाईंना वाटत असणार,
या घराला कायमची हगवण लागलीय.

प्रदर्शन पोटमाळ्यावर, एकच दुपार,
दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेलं.
बघणारे बारा.
तेरावा जिना चढला तेव्हा सगळे कोबीकडे बघत राहिले.
तो पाव मागायला आलेला शेजारी निघाला.
अंधार पडायच्या आत दोरीवर पुन्हा चादरी.
सही कशावरच नाही.
नाव म्हणजे पुरावा.

आता ते रूळ काचेत आहेत.
त्याच गिरणीत. आईचा माग होता तिथे कॉफी मिळते,
महाग.
पाटीवर आईचं नाव, आडनाव, जन्मसाल.
चष्मा कपाळावर ढकलून ती वाचते,
परक्या बाईचं वाचावं तसं.
मग म्हणते, "यांनी धुतलेत."

पांढरे हातमोजे घातलेली एक मुलगी अदबीनं पुढे येते.
आजी, रबर तडकतंय. काय करावं?
"सायकलची ट्यूब चढव. जुनी बघ, नवी घसरते."
पण मूळ वस्तू जशीच्या तशी राखायची असते आम्हाला.
"मूळ?
पोरी, ही तिसरी आहे. पहिली याच्या सायकलची."
आणि माझ्याकडे बोट.

त्या उन्हाळ्यात ट्यूब चोरली म्हणून मी
तळमजल्यावरच्या बोगुशला बुकलून काढला होता.
त्याचा एक दात गेला.
तो शपथा घेत होता, आई खिडकीतून बघत होती,
हातांना काजळी.

मी काही विचारायच्या आत
तिनं काचेवर हात ठेवलाय, सपाट,
पोळपाटावर ठेवावा तसा, जरा रेटून.
भोंगा वाजतो. सगळे वळतात.
आणि मी, बावन्न वर्षांचा,
भिंतीवर साखळी शोधतोय.