अकरा किलो

निघायच्या आदल्या रात्री तू दोन्ही बॅगा
माझ्या जुन्या काट्याला टांगल्यास,
ज्याला मी तीस वर्षं गावोगावची बाळं टांगली.
तुझी अकरा किलो. माझी दहा नऊशे.
"कुपोषित नाहीत," मी म्हटलं,
आणि तू दोन्ही आकडे कोळशानं भिंतीवर लिहिलेस.

तानाबाई पायरीवर बसून बघत होती.
"तिकडं कोन हाये तुमचं?"
कोणी नाही.
"मंग काहून जाता जी?"

तू एकोणतीस वर्षं सायकलवर टपाल वाटलंस,
तळोधीपासून पार जंगलातल्या टोल्यांपर्यंत,
दुसऱ्यांच्या पत्त्यांवर.
एकदा एका पाकिटावर ला पाझचा शिक्का होता,
मिशनच्या दवाखान्यातल्या कोणा सिस्टरच्या नावे.
ते पत्र तू अर्धा दिवस उशिरा दिलंस.
नोकरीतली तुझी तेवढी एकच चूक,
आणि जाण्याचं तेवढंच कारण.
तानाबाईला ते कसं सांगायचं?

मग आठ महिने.

कोचाबांबाच्या बाजारात एक बाई
पोत्यातून पानं विकत होती, सुटी, वजनावर,
आणि माझी बोटं आपोआप सत्तर मोजायला लागली,
तेंदूचा पुडा बांधायचा असल्यासारखी.
ती हसली. तिच्या अंगठ्यालाही तसलाच घट्टा.

उंचावरच्या एका रात्री तुझा श्वास पुरेना.
मी घड्याळ धरून नाडी मोजली, एकशे अठरा.
तू डोळे मिटून विचारलंस,
"इथला पिनकोड काय असंल?"
मी रडायचं तसंच ठेवलं.

पुनोला आपण तीन दिवस बोललो नाही.
कारण आठवत नाही.
आठवतं.
तू नकाशा उलटा धरला होतास
आणि मी तुझ्या आईच्या आवाजात बोलले होते.
एकाच पलंगावर मधोमध दोन बॅगा उभ्या,
दोन गावांच्या शिवेवरच्या दगडांसारख्या.
चौथ्या दिवशी सूप आलं, चमचा एकच होता.

आणि ते मीठ.
चारी बाजूंना पांढरं, ना झाड ना कुत्रं,
डोळ्यांत पाणी आणणारं ऊन.
तू थांबलास, हात हँडलवर असल्यासारखे धरलेस
आणि तोंडानं घंटी वाजवलीस.
ट्रिंग, ट्रिंग.
शेकडो मैलांत दार नव्हतं उघडायला.
मग मीच पदर नसलेल्या जॅकेटची कड सावरून विचारलं,
"आमचं काही आलं काय जी?"
तू खिसे चाचपलेस. बराच वेळ चाचपलेस.

परत आलो तेव्हा काट्याला पुन्हा टांगल्या.
नऊ तीनशे. आठ साडेसातशे.
एक स्वेटर दिलेला आठवतो, एक मच्छरदाणी,
दोन भाषांच्या मधलं ते फाटकं पुस्तक.
बाकीचं कुठे सांडलं, हिशेब लागत नाही.
गावानं विचारलं, काय आनलं?
तू भिंतीवरच्या जुन्या आकड्यांखाली नवे लिहिलेस
आणि वजाबाकी केली नाहीस.

आता तुझ्या बॅगेतून गिरणीवरचा कोंडा येतो.
माझी खुंटीवर.
आपल्या दोन खाटांमध्ये चालायला जागा आहे,
तेवढीही रात्री मला लांब वाटते.

परवा दिवेलागणीला तानाबाई आली.
खुंटीकडं बघत बसली. मग हळूच म्हणाली,
"मी नागपूरच्या पुढं कधी गेलीच नाही.
मले ते पाठीवर चढवून दाखव."
मी बॅग काढली.
"रिकामी नोको. होती तशी भरून दे."

तू काट्याला अडकवून तांदूळ ओतत गेलास,
अकरावर काटा थरथरला तेव्हा थांबलास.
मी तिच्या नऊवारीवरून कमरेचा पट्टा आवळला.
ती एकदा डगमगली, "अगं माय" म्हणाली,
आणि बोडीच्या पाळीकडं चालायला लागली.

आपण पायरीवर बसलो.
पलीकडच्या धुऱ्यावर टिटवी ओरडून गेली,
तानाबाईचा नातू दोनदा विचारून गेला.
वाकडं झाड ओलांडताना ती दिसली होती,
तिथून लोक परत फिरतात.
ती फिरली नाही.