रात्रपाळीचा निरोप

ये, ओरियाना. आधी हात धू, मग सांगते.
वारा तसाच आहे ना बाहेर?
मघाशी खिडकीतून दिसली एक बाई,
कोपऱ्यावरचा दोर धरून रस्ता ओलांडत होती.
टोपी उडाली तिची, सामुद्रधुनीकडे गेली.
तिनं वळूनही पाहिलं नाही.

पहिल्या चार पेट्या शांत आहेत.
पाचवी रिकामी. चांगल्या कारणानं रिकामी.
काचेवर त्या आईच्या ओठांचा ठसा आहे,
पुसायचं राहिलंय. की राहू दिलंय, कोण जाणे.

सहावीसाठी मात्र जरा बस.

यास्नाची मुलगी. एकोणतिसाव्या आठवड्यात आलेली.
वजन अकराशे नव्वद, कालच्याहून वीस ग्रॅम जास्त.
वीस ग्रॅम म्हणजे किती, बापानं विचारलं.
म्हटलं, चार चमचे साखर.
"म्हणजे माझा एक कप चहा," म्हणाला,
आणि कितीतरी वेळ त्या कपाचाच विचार करत राहिला.

निबाल्दो. पलीकडच्या बेटावर मेंढ्या कातरतो.
वाऱ्यानं बोट बंद, म्हणून दोन दिवस उशिरा पोचला
आणि दारातच थबकला,
हात पाठीमागे, चोरी पकडल्यासारखा.
"हे हात यासाठी नाहीत, सिस्टर."
मी ते उलटे करून पाहिले.
बोटं वाकडी, कातरीचे जुने व्रण,
पण तळवे? लोण्यासारखे गं.
वीस वर्षांचं लोकरीचं तेल मुरलेलं.
माझे बघ, धुऊन धुऊन भेगाळलेले.

शिकवलं त्याला:
एक हात डोक्याशी, एक तळपायांशी.
थोपटायचं नाही. कुरवाळायचं नाही.
हातांचं घर करायचं आणि गप्प राहायचं.
गप्प राहणं त्याला आधीच येत होतं.

रात्री दोनला, मुलगी शर्टाच्या आत, छातीवर,
तो आपणहून बोलू लागला.
मेंढीचं कोकरू मेलं तर त्याचं कातडं
एखाद्या पोरक्या कोकराच्या अंगावर चढवतात.
मेंढी वास घेते, फसते, पाजते.
मग थांबला.
"इथं कुणाला फसवायचं नाही. वास माझाच आहे."
मी नळीतून उतरणाऱ्या दुधाकडे बघत राहिले.
उत्तर सुचलं नाही.

आता ऐक.
पावणेचारला म्हणाला, "ही आज कमी भांडतेय."
पडद्यावर सगळं ठीक होतं. श्वास, ठोके, सगळं.
मी इथं तेवीस वर्षं आहे, ओरियाना.
तुम्ही दमलात, डोळे मिटा जरा,
हे अगदी जिभेवर आलं होतं माझ्या.
तेवढ्यात तो म्हणाला,
"कळपात तीनशे असतात. आजारी कोणती
ते मोजून नाही कळत.
ती उभी राहते, पण उभं राहण्यात नसते."

मी डॉक्टरांना उठवलं.
रक्त पाठवलं, औषध सुरू केलं.
पडदा वाजला साडेपाचला.
तोवर पहिला डोस आत गेला होता.

फाईलमध्ये अशा गोष्टीला रकाना नाही.
'इतर'खाली लिहिलंय मी:
०३.४५, वडिलांचं निरीक्षण, बाळ कमी भांडतंय.
डॉक्टर म्हणतील, शास्त्रीय शब्द घाला.
घालू नकोस.

यास्ना आठला वरून येईल, दूध घेऊन.
काल बारा मिलिलिटर निघालं होतं, बाटली अशी धरली होती
जशी काय भरलेली घागर.
तिला अजून काही माहीत नाही.
तो सांगणार आहे, तसं ठरलंय आमचं.
मी शेजारी उभी राहणार होते. आता तू राहा.
मध्ये बोलू नकोस. शब्द अडला तरच.

धोका टळलाय असं म्हणू नकोस. टळलेला नाही.
आणि त्याला झोपायलाही सांगू नकोस.
खुर्ची तेवढी मागे कर हलक्या हातानं.
डाव्या बाजूचा खटका अडकतो,
गुडघ्यानं दाबावा लागतो.