ओढ

ती म्हणाली, ओढ.
मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारातला कारकून,
गोण्या मोजतो, पट्ट्या लिहितो,
आजवर कुणाचं पेनसुद्धा न विचारता उचललेलं नाही.
आणि बायकोच्या कमरेचं पिस्तूल ओढ?

खरं नव्हतंच ते. खरं पोलीस ठाण्यात जमा.
हे मुख्यालयातून मागून आणलेलं निळं रबरी,
वजनाला मात्र तेवढंच.
आधी पोराचं टिकल्यांचं घालून पाहिलं होतं,
ते तळाशी जाऊन असं अडकलं
की लाटण्याने काढावं लागलं.

कोपरखैरण्याच्या साडेचारशे फुटांत
जेवणाच्या टेबलावर तीन होल्स्टर.

पहिलं सरकारी, चामड्याचं.
बटण इतकं सैल
की ती जिना उतरते तेव्हा आपोआप उघडतं.
ओढलं. आलं.
तिने वहीत फुली मारली.

दुसरं जांभळी नाक्याच्या मागे
सोनटक्के मामांनी मापाने शिवून दिलेलं.
त्यांनी म्हणे आधी विचारलं,
बाई, हात डावा का उजवा? बसता किती, उभ्या किती?
एवढं तर मी लग्नाआधी विचारलं नव्हतं.
समोरून ओढलं, नाही आलं.
ती म्हणाली, मागून ये, चोर काय पत्ता विचारून येतो?
मागून, दुसऱ्या झटक्याला, पट्टा सरकला.
देखणं होतं.
तिने ते बराच वेळ हातात धरलं,
चामड्याचा वास घेतला.
मग फुली.

तिसरं काळं, प्लास्टिकचं, बेढब.
आत कुठेतरी एक खटका,
तो तिच्या अंगठ्याला ठाऊक, मला नाही.
किंमत ऐकून मी मनात गोण्या मोजल्या.
ओढ. ओढलं. अजून ओढ.
दोन्ही हातांनी अक्षरशः लोंबकळलो,
पट्टा आला, पँट आली, ती स्वतः आली माझ्या अंगावर,
पिस्तूल तेवढं आलं नाही.
खालून घरत काकूंनी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.
आम्ही तोंडावर हात धरून हसलो.

मग ती एकदम थांबली.
गेल्या वर्षी तळ्यावर विसर्जनाच्या बंदोबस्तात
हवालदार पाटोळ्यांचं गेलं होतं.
कानठळ्या बसवणारे ढोल, चहूकडून खांदे,
कमरेला हलकं वाटलं म्हणून हात नेला
तर नुसतं चामडं.
पिस्तूल चौथ्या दिवशी नाल्यात सापडलं.
पाटोळे अजून सापडायचे आहेत.
येतात, हजेरी लावतात, चहा घेतात,
पण उजवा हात कमरेपाशी घुटमळत राहतो,
कुणी नमस्कार केला तरी सुटत नाही.

तिने शर्ट थोडा वर केला.
हाडावर जांभळा चट्टा.
पट्टा पुरुषाच्या मापाचा,
कंबर दोन सिझेरियनची.
मी खोबरेल लावलं, हलक्या बोटाने.
हे तिसरं थोडं खाली लटकतं, ती म्हणाली,
हाडाला लागणार नाही बहुतेक.

आता तू काढ, मी म्हणालो.
हात खाली गेलेला मला दिसलाच नाही.
निळं रबर माझ्या छातीसमोर,
आणि त्याच्यामागे चारुशीलाचे डोळे,
बारा वर्षांत न पाहिलेले.
क्षणभरच.
सॉरी, ती म्हणाली, सवय.
आणि पुन्हा आत घातलं. खट्.
बाहेर काढलं, घातलं. खट्.
कुलूप लावून जिना उतरल्यावर
आपण परत वर जातो ना, तसं.

सकाळी खरं आणायला ती लवकर निघाली.
रिकामं होल्स्टर कमरेला, डबा, पाण्याची बाटली.
जपून जा वगैरे मला कधी जमत नाही.
दारातच मी वाकून
ते काळं प्लास्टिक एकदा जोरात ओढलं.
नाही आलं.

येते, ती म्हणाली.