प्लगची उंची

दस्त झाला त्या दिवशी पेढे मीच वाटले,
दांडिया बाजारातल्या तिन्ही मजल्यांवर.
एकतीस वर्षं रेल्वेच्या वर्कशॉपात
दुसऱ्यांच्या रजा मांडल्या,
त्यातून निघाली ही एवढी जागा:
समा, नंदनबाग सोसायटी, बी-वन, तळमजला,
न्हाणीघरापर्यंत ऊन.
भाऊ म्हणाला, एकटीला कशाला?
त्याला पेढा जरा जोरातच भरवला.

प्लग तेवढे उंचावर होते.
इस्त्रीची वायर टेबलापर्यंत पोचेना,
आणि मोबाइल चार्जिंगला लावला की
तसबिरीसारखा भिंतीवर टांगलेला.
समोरच्या इलाबेनना विचारलं.
त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या,
"नानां छोकरां अडे नहीं ने, एटले."
लहान मुलांचे हात लागू नयेत म्हणून.
मला मुलं नाहीत, तरी पटलं.

उत्तरायणला सगळी सोसायटी गच्चीवर.
जिन्यातून उंधियूचा वास खाली आला,
बोलावणं नाही.
मी अजून "बी-वनवाळा बेन" होते.

फेब्रुवारीत सुतार बोलावला,
जुन्या मालकाचं भिंतीतलं कपाट काढायला.
कपाटामागे रंग दिलेला नव्हता.
तिथे एक रेघ,
गाळाच्या रंगाची, पट्टीने मारावी तशी सरळ,
माझ्या छातीपर्यंत.
सुतार पटाशी खाली ठेवून म्हणाला,
"विश्वामित्री, बेन."
जसं कुणी येऊन गेलेल्या पाहुण्याचं नाव सांगावं.

मग दिसायलाच लागलं.
इलाबेनचा फ्रिज ओट्यावर का.
सोलंकींचा देव्हारा माळ्यावर का.
वॉचमनच्या खोलीत दोरखंड, आणि ट्रॅक्टरची ट्यूब,
अख्ख्या सोसायटीत ट्रॅक्टर नसताना.
एका वर्षी पार्किंगमध्ये मगर होती,
हे दूधवाल्याने सांगितलं, हसत,
सुटे परत देता देता.

त्या रात्री हिशेब पुन्हा लिहिला:
प्रॉव्हिडंट फंड, आईच्या पाटल्या, स्टॅम्प ड्यूटी.
सत्तावीस घरं, सगळ्यांना ठाऊक,
एकाच्याही तोंडून शब्द नाही.
आणि मी तरी सांगणार कुणाला?
पेढे मीच वाटले होते.

सुताराला म्हटलं, नवं कपाट कर.
त्याच जागी. जरा रुंद.

एप्रिलमध्ये शेजारचं बी-टू विकायला निघालं.
बघायला जोडपं आलं, भरूचचं, नवी नोकरी.
तो छताकडे बघत होता. ती टेपने भिंत मोजत होती,
पाळणा कुठे मावेल.
मोजता मोजता थांबली.
"आंटी, हे प्लग एवढे वर का?"

पॅसेजमध्ये इलाबेन होत्या.
सोलंकी एक चप्पल घालून थांबलेले.
वॉचमनने नळी बंद केली.
इतक्या जणांनी एकदम माझ्याकडे बघितलं
ते निरोपसमारंभानंतर पहिल्यांदाच.

"नानां छोकरां अडे नहीं ने," मी म्हणाले,
"एटले."
उच्चारसुद्धा चुकला नाही.
तिने टेप सोडली. खट्कन आत गेली.

संध्याकाळी दार वाजलं.
"कुमुदबेन," इलाबेन म्हणाल्या,
आणि डबा पुढे केला.
हांडवो, अजून गरम, वर तीळ करपलेले.

चांगला होता. सगळा खाल्ला,
ओट्याशी, उभ्यानेच.

डबा घासून ठेवलाय.
रिकामा परत करायचा नसतो,
हे आमच्यात आणि त्यांच्यात सारखंच.
तीन दिवस झाले, सुचत नाही काय भरू.
रविवारी ती दोघं टोकन द्यायला येणार आहेत.