अर्धा अर्ज

रास अल खैमात, जुन्या मासळीबाजाराच्या मागे
माझं दुकान. एक काच, दोन टेबलं,
आणि पाटीवर रंगवलेला टाइपरायटर,
ज्यातला कागद उन्हानं केव्हाच खाल्ला.

सव्वीस वर्षं मी लोकांची नावं
उजवीकडून डावीकडे लिहिली.
अरबीत प नाही. म्हणून मी, दापोलीचा इकबाल पावसकर,
इथल्या सगळ्या कागदांत बावसकर आहे.
ळ तर नाहीच. काळसेकरांचा ल केला,
ते सही करताना दर वेळी
जरा अडखळायचे, चप्पल चुकीची घातल्यासारखे.

गेल्या वर्षी खात्यातून एक मुलगी आली.
शम्सा. अबायाखाली पळायचे बूट.
म्हणाली, नवी वेबसाइट करतोय,
तीन दिवस तुमच्या बाजूला बसू?
म्हटलं, बस.
पोटावर पाय द्यायला आलेल्यालाही
आधी चहा विचारायचा, हे घरचं वळण.

तिनं वहीत टिपलं:
हा माणूस व्हिसाचा नंबर आधी विचारत नाही,
गाव विचारतो.
गाव सांगताना समोरचा खांदे सोडतो
आणि मग पिशवीतून पासपोर्ट काढतो.
तिनं विचारलं, हा प्रश्न अर्जात कुठे आहे?
म्हटलं, अर्जात नाही.

तिसऱ्या दिवशी खालचा खण उघडला तिनंच.
खजुराच्या डब्यात, रबर लावून,
अर्धे भरलेले अर्ज.
जमालुद्दीन, सिल्हेटचा, बकऱ्या राखणारा:
बायकोची जन्मतारीख घरी विचारून सांगतो म्हणाला.
लीलाम्मा, एका बंगल्यात स्वयंपाकाला:
पत्ता मालकाचा लिहायचा की गॅरेजवरच्या खोलीचा,
विचारून येते म्हणाली.
एक जण तर नुसती सही करायचा राहिला होता.
हे फेकून का नाही दिलेत?
येतील की.
हे मात्र तिनं लिहिलं नाही.
पेन वहीवर टेकवून बसून राहिली.

थंडीत साइट उघडली.
मोकळी, पांढरी, अक्षरं ठळक,
चाळिशी नसली तरी वाचता यावीत अशी.
सरकारी काम, सहा महिने थांब
हे ऐकत वाढलेला मी.
इथे सहा मिनिटं. घड्याळ लावून बघितलं.
आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक बटण:
अर्धा राहू द्या. आम्ही जपून ठेवतो. सवडीनं या.

खोटं कशाला बोलू, रागच आला.
आपल्याच हातची आमटी
परक्या घरी पाहुणा म्हणून जेवावी, तसं झालं.
चव बरोबर होती. तोच तर राग.

गिऱ्हाईक आटलं.
परवा झरीन खान आला, पाण्याचा टँकर चालवतो.
सगळं भरलं त्यानं, एकट्यानं, बोटं आपटत.
शेवटी कोड मागितला. तो गेला मालकाच्या फोनवर,
मालक लंडनला, फोन बंद.
पडद्यावर आकडे उलटे धावत होते,
साठ, एकोणसाठ, अठ्ठावन्न,
आणि झरीन माझ्याकडे बघत होता,
जणू मी ते थांबवू शकतो.
हे शम्साला सांगायचं राहून गेलं होतं.
कोणाचा फोन कोणाच्या खिशात असतो, ते.

आज परवाना बंद करायला बसलो.
माझ्याच टेबलाशी, फोनवर.
नाव: इकबाल बावसकर.
कारण निवडा: तोटा, स्थलांतर, मृत्यू, इतर.
इतरपुढे रिकामी चौकट,
दोनशे अक्षरांची.
मी भरलेल्या चौकटींचा हिशेब कोण ठेवतोय,
पण ही भरताना बोट उचलेना.

खाली ते बटण होतंच.
दाबलं.
मग झरीनला फोन लावला:
आला का रे तुझा मालक?